आजारी पडा, पण कलमात बसेल इतकंच

छातीत कळ आली तर घाबरू नका. आधी चष्मा लावा, कपाटातून आरोग्य विम्याची पॉलिसी काढा आणि ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ ही व्याख्या सावकाश वाचा. दुखण्याला जेवढी गरज आहे, त्याहून उपचार तसूभरही जास्त नकोत आणि जास्त दिवसही नकोत. गरज किती, हे ठरवणार कोण? तुम्हाला तपासणारे डॉक्टर? छे! त्यांनी तुमच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला असतो, त्यांना तुमची भीड पडलेली असते. ठरवणार टीपीएकडचे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडचे डॉक्टर. त्यांनी तुमचं तोंडही पाहिलेलं नसतं.

आमच्या काकांनी इथेच घोळ घातला. रात्री दीडला दरदरून घाम, डावा हात जड. रिक्षा करून दवाखाना गाठला. ईसीजी ठीक, हृदयाला इजा झाली का ते सांगणारी ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही निगेटिव्ह. तरी डॉक्टर म्हणाले, काही तासांनी पुन्हा रक्त तपासू, ठेवूनच घेऊ. दोन रात्री मॉनिटरवर काढल्या आणि हृदय ठणठणीत निघालं. काकूंनी पेढे वाटले. पंधरा दिवसांनी पत्र आलं: दाखल होणं मुख्यतः तपासण्यांसाठी होतं, एक्सक्लूजन कोड ०४ (म्हणजे पॉलिसीत न बसणारा खर्च), दावा नामंजूर. काकू अजून हळहळतात, “थोडं तरी काही निघालं असतं हो!”

तेव्हा सकाळी रिपोर्ट काय येणार, ते रात्री घरून निघतानाच माहीत करून घ्या.

दुसरी गोष्ट, बरं वाटण्याची घाई नको. मोतीबिंदू, डायलिसिस असल्या डे-केअरवाल्यांचं सोडा, दावा बसायचा तर तुम्हाला दवाखान्यात सलग २४ तास भरायचे आहेत. तेविसाव्या तासाला भूक लागली तर दाबून ठेवा. गोळीने ताप उतरत असेल तर सलाइनसाठी हट्ट धरा, नाहीतर ‘हे ओपीडीत भागलं असतं’ हे वाक्य तयारच आहे. आणि पहाटे सहाला सिस्टर चार्ट घेऊन आल्या की हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणू नका. त्या भाबडेपणाने ‘पेशंट कम्फर्टेबल’ लिहून जातात आणि त्या दोन शब्दांखाली पुढे लाल पेनने रेघ मारली जाते. कण्हा. जमलं तर कूस बदलतानाही कण्हा.

कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीने थेट दवाखान्याला भरण्याचा, निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकाने २०२४ साली बजावलंय. समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळताही येत नाही. म्हणजे पूर्वी एकटा माणूस नाही म्हणायचा, आता चौघं मिळून म्हणतात. तरी पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत, मुंबईत आणि पुण्यातही. तिथे वकील लागत नाही, फक्त फाइल लागते. ती काकांनी सुरू केलीय.

परवा पहाटे त्यांच्या छातीत पुन्हा दुखलं. काकूंना न उठवता ते उठले, दिवा लावला आणि चष्मा शोधू लागले.