कमवा आणि शिका, पण आत की बाहेर?

भाच्याने पुण्यात बीएस्सीला ॲडमिशन घेतलंय. परभणीचा पोरगा, कॉट बेसिसवर राहतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, कॉलेजच्या 'कमवा आणि शिका'त नाव देऊ, की गाडी आहेच तर डिलिव्हरी करू? त्यात पैसे जास्त सुटतात."

('कमवा आणि शिका' म्हणजे कॉलेजातच ग्रंथालयात, बागेत वगैरे काम करायचं आणि तासाच्या दराने पैसे घ्यायचे, अशी योजना.) सुटतात, खरंय. पण पेट्रोल तुझं, पंक्चर तुझं, मोबाइलही तुझाच. आणि ऑर्डरी कधी पडतात? रात्री आठ ते अकरा. म्हणजे नेमक्या जर्नल लिहायच्या वेळेला.

मी दोन्ही करून बसलोय. फर्स्ट इयरला कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, लेक्चर संपली की तीन तास. परत आलेली पुस्तकं पाठीवरचा नंबर बघून कप्प्यात लावायची. 891.46 म्हणजे मराठी साहित्य, हे आजही झोपेत सांगेन. धुळीने शिंकून शिंकून जीव जायचा. हजेरीपत्रकावर सही रोजची, पैसे मात्र खात्यात तिसऱ्या महिन्यात. तोवर मेसच्या काकूंकडे उधारी. याचा राग अजून गेलेला नाही. योजना गरीब पोरांसाठी, आणि तीन महिने थांबायची ऐपत पाहिजे!

सेकंड इयरला वैतागून केटररकडे गेलो. लग्नसराईत रात्रीचे तीनशे, रोख, वर जेवण. राजाच झालो. मग एका रिसेप्शनला रात्री बारा वाजता भांडी मोजताना दोन ट्रे कमी भरले, ते आम्हा पोरांच्या पैशातून कापले. सकाळी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. ब्युरेटसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली. परीक्षेसाठी आठवडाभर सुट्टी मागितली तर म्हणाला, मग नंतरही येऊ नको. वर्षभर आधी ग्रंथपाल मॅडमनी परीक्षेच्या आठवड्यात मला कोपऱ्यातलं टेबल देऊन "वाचत बस" म्हटलं होतं. तासाच्या दरात हे कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून माझं मत: पहिलं वर्ष तरी आत काढ. पुढे बाहेर जायचंच असेल तर स्वतःच्या विषयाचं काहीतरी बघ, एखादी लॅब वगैरे. नुसत्या रोख पैशासाठी जाऊ नको.

भाच्याची खरी अडचण शेवटी बाहेर आली. "झाडांना पाणी घालताना वर्गातली पोरं बघतील ना." अरे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं तिथे एकत्र राबली, एका पंगतीत जेवली. स्वावलंबी शिक्षण हे रयतचं ब्रीदच आहे. (त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्यांनी पोरांचे पैसे महिन्याच्या महिन्याला दिले तर बरं होईल.)

काल पुन्हा फोन. बागकामच मिळालंय. म्हटलं, आधी गमबूट घे.