बिलातल्या त्या दोन ओळींबद्दल

नमस्कार,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. तुमच्या जाहिरातीला मी दिलेला आवाज आवडला, पण बिल ठरल्यापेक्षा जास्त आलं, त्यात 'रीटेक' (म्हणजे पुन्हा केलेलं रेकॉर्डिंग) आणि 'रेडिओ वापर' अशा दोन ओळी न सांगता वाढवल्या आणि वर पैशांसाठी तगादा लावला, असं तुम्ही लिहिलं आहे.

रीटेकपासून सुरू करते, कारण तिथे चूक माझीच आहे. तुम्ही मंजूर केलेल्या स्क्रिप्टवरून ४० सेकंदांची फाइल मी पाठवली आणि चार दिवसांनी तुमच्याकडे उत्पादनाचं नाव बदललं. ते तीन वाक्यांत होतं. तीन वाक्यं म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं कुणालाही वाटेल. पण ती जुन्या फाइलमध्ये बसवल्यावर सांधा ऐकू येता कामा नये. सकाळी माझा आवाज जड असतो आणि मूळ रेकॉर्डिंग दुपारचं होतं, म्हणून दुपारपर्यंत थांबले. माइकपासूनचं अंतर तेवढंच ठेवलं आणि जुनं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकत एकेक वाक्य सात-आठ वेळा म्हटलं. माझा उच्चार चुकला किंवा रेकॉर्डिंगमध्ये खरखर आली, तर पुन्हा करायचे पैसे मी घेत नाही. मजकूर बदलला तर घेते. पण हे तुमच्या कोटेशनमध्ये लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ती रक्कम बिलात यायलाच नको होती. तिची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून कमी केल्याचा कागद, मूळ बिलाचा क्रमांक घालून आज ईमेल केली आहे. जुनं बिल रद्द करून त्याच क्रमांकाचं नवं दिलं असतं, तर तुमच्या अकाउंट्सवाल्यांना ताळमेळ लावताना त्रास झाला असता.

रेडिओची ओळ मात्र मी काढणार नाही. कोटेशनमध्ये वापर स्पष्ट होता: कंपनीची वेबसाइट, १२ महिने. नंतर तुम्ही तीच फाइल रेडिओवर लावायची असल्याचं कळवलंत, मी 'त्याचं वेगळं बिल होईल' असं लिहिलं आणि तुमचं 'चालेल' आलं. आकडा मी तेव्हाच सांगायला हवा होता, एवढं मान्य करते. पण ते पैसे पुन्हा रेकॉर्डिंगचे नाहीत. तुमची जाहिरात सुरू असेपर्यंत तसंच उत्पादन विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं काम मला घेता येत नाही. आज एकाची आणि उद्या त्याच्याच स्पर्धकाची भलामण एकाच आवाजात ऐकली, तर लोक कुणावर विश्वास ठेवतील? म्हणून जाहिरात किती महिने आणि किती प्रदेशांत वाजणार, यावर ही रक्कम ठरते. मी ६ महिने धरले होते. तुम्हाला ३ पुरत असतील तर तेवढ्याचंच बिल करून देईन.

तगाद्याचं म्हणाल, तर मुदत १५ दिवसांची होती आणि स्मरणपत्र सोळाव्या दिवशी आपोआप गेलं. पण तुमची शंका चौदाव्या दिवशीच माझ्या इनबॉक्समध्ये आली होती. तिला उत्तर न देता पैशांची आठवण करून दिली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माफ करा.

माझ्या कोटेशनच्या नमुन्यात आता मजकूर बदलल्यास लागणारी रक्कम आणि वाढीव वापराचा दर, दोन्ही घातले आहेत. तुमचं लेखी 'हो' आल्याशिवाय माइक सुरू करणार नाही.

रेडिओसाठी ३ महिने की ६, तेवढं कळवा. तोपर्यंत तुमच्या बिलाची स्मरणपत्रं बंद ठेवली आहेत.