‘प्रेम कमी पडलं’ म्हणून कुणी विसरत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा फिरतोय. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा आजार नाही, एकटेपणाचा परिणाम आहे. जोडीदाराने प्रेम दिलं, रोज जुन्या गोष्टी विचारल्या, की आठवणी परत येतात. आणि सेवेला परकं माणूस ठेवणं म्हणजे जबाबदारी टाळणं. माझ्या बायकोला अल्झायमर आहे, डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. हे सहावं वर्ष. मला हा मजकूर आतापर्यंत चार नातेवाइकांनी पाठवलाय.

आजार नाही? १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांची एक विवाहित बाई दाखल झाली. सुरुवातीच्या लक्षणांतलं एक होतं नवऱ्यावरचा संशय. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला. तो आक्रसला होता, पेशींमध्ये तंतूंचे गुंते होते, बाहेर गाठीसारखे थर. माझी बायको माझ्यावर पाटल्या विकल्याचा आळ घ्यायची तेव्हा मला हे ठाऊक असतं, तर दोन महिने मी पावत्या दाखवत वाद घातला नसता. एकटेपणाने धोका वाढतो हे खरं. तसा तो रक्तदाबाने, मधुमेहाने, कमी ऐकू येण्यानेही वाढतो. त्यावरून घरच्यांना दोषी ठरवता येत नाही.

विचारत राहिलं की आठवतं, हेही खोटं. ‘ओळख बघू, मी कोण?’ असं मी रोज विचारायचो. ती घाबरायची, मग रडायची. औषधांनी काही काळ थोडा फरक पडतो, मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण विसरभोळेपणा बी-१२ च्या कमतरतेने किंवा थायरॉइडनेही येतो, आणि तो सुधारू शकतो. म्हणून आधी डॉक्टरांकडे जा. हा मजकूर वाचून कुणी तिथे जायचं थांबलं, तर नुकसान मोठं आहे.

आता संध्याकाळी ती म्हणते, ‘आमचे हे येतील, तुम्ही निघा.’ मी म्हणतो, ‘चहा घेतो आणि निघतो.’ ती शांत होते.

राहिली परक्या माणसाची गोष्ट. मी न्हाणीघरात नेलं की ती ओरडते, पदर घट्ट धरते. तिच्या लेखी मी अनोळखी पुरुष आहे. गेल्या वर्षापासून सकाळी मावशी येतात. त्यांच्या हातून ती निमूट अंघोळ करते, केस विंचरून घेते. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा असतो.