गुडघ्यापर्यंतचे स्नान

काल सकाळी पर्वतीच्या पायऱ्या उतरत असताना खालून येणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला ओळखले आणि आसपासच्या दहा-बारा जणांना सहज ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "काय गुडघ्यापर्यंतचे, आज वरपर्यंत तरी गेला होतात का?" मी हसलो. हसण्यावाचून काही सुचले नाही, याचा राग मला अजून येतो आहे.

प्रकरण मागच्या रविवारचे आहे. पालीपर्यंत एसटीने आणि तेथून उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत पायी, असा आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींचा बेत होता. रीतीप्रमाणे आधी धुंडीविनायक आणि मग बल्लाळेश्वर असे दर्शन घेतले, १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी आणलेल्या घंटांपैकी म्हणून सांगतात ती घंटा पाहिली आणि सरसगड पाठीशी टाकून तीनेक किलोमीटर चाललो. ऊन मी म्हणत होते. कोकणात गरम पाण्याला 'ऊन पाणी' म्हणतात आणि राजापूरजवळ झऱ्यावरून गावाचेच नाव 'उन्हाळे' पडले आहे. मात्र भर उन्हातून चालत जाऊन पुन्हा ऊन पाण्यातच उतरायचे, ही कल्पना आमच्यापैकी कोणाची होती हे परतताना कोणीच कबूल केले नाही.

कुंडात ते गृहस्थ गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून, एखाद्या संस्थानिकासारखे बसले होते. मी माझा पंचा काठावर ठेवला, पहिली पायरी उतरलो, दुसरी उतरलो आणि पाणी गुडघ्याला लागताच तेथेच थांबलो. पाय भाजत होते. तसे म्हणायची लाज वाटली, म्हणून मी पाणी निरखत असल्याचा आव आणला.

"उतरा की," ते डोळे न उघडता म्हणाले. "खाली ज्वालामुखी आहे. हाडांतला वात पार जळून जातो."

येथे मी गप्प राहायला हवे होते. पण गुडघाभर पाण्यात अडकलेल्या माणसाला व्याख्यानाखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणून मी त्यांना सांगितले की येथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. सह्याद्रीचा हा काळा दगड लाव्हारसाचा असला, तरी तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवून गेलेला आहे. पावसाचे पाणी भेगांमधून खोल झिरपते, दर किलोमीटरमागे साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापत जाते आणि पुन्हा भेगांवाटेच वर येते, त्यामुळे पालघरपासून रत्नागिरीपर्यंत अशा झऱ्यांची ओळच लागलेली आहे.

त्यांनी एक डोळा उघडला. "तुम्ही खाली जाऊन पाहून आलात?"

"नाही, पण भूगर्भशास्त्र असे सांगते की..."

"खाली राहू द्या. आधी कमरेपर्यंत तरी या."

कुंडातले सगळे हसले. त्यांत आमच्या गटाचे चौघे होते, हे मी विसरणार नाही. एकाने तर, "ते पुस्तकातूनच आंघोळ करतात," अशी भर घातली आणि त्यावर गृहस्थांनी पाण्यात हात आपटून दाद दिली.

मग त्यांनी माझी चौकशी आरंभली. पुण्याचा म्हटल्यावर पेठ विचारली, पेठ सांगितल्यावर वाड्याचे नाव विचारले आणि आपण तेथून तीन गल्ल्या पलीकडे राहतो हे कळताच, जणू माझ्या गुडघ्यांमुळे आख्ख्या पेठेची अब्रू गेली, अशा चेहऱ्याने त्यांनी मान हलवली. "आमच्या वडिलांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी येथे डुबकी मारली होती," ते म्हणाले. त्यांच्या वडिलांशी माझा काहीही संबंध नाही, हे मी बोललो नाही. ते आता सुचते आहे.

खरे तर मला कुंडापेक्षा काठाचाच जास्त संताप आला होता. ज्या पाण्याला लोक औषध मानतात, त्याच्याच कडेला शाम्पूच्या पुड्या, साबणाची वेष्टने आणि कोणीतरी सोडून गेलेली जुनी बनियन पडलेली होती. गंधकाचा वास सहन होतो, हे होत नाही. मी तसे मोठ्याने म्हणालो, तर गृहस्थ म्हणाले, "बाहेर उभे राहिले की कचराच दिसतो."

शेवटी ते बाहेर आले आणि त्यांनी माझाच पंचा उचलून डोके, छाती, पाठ अशा क्रमाने निवांतपणे अंग पुसले. मी पाहत राहिलो. तेव्हा ते अत्यंत समजूतदार स्वरात म्हणाले, "तुम्हाला कशाला लागणार आहे?" निघण्याच्या घाईत तो पंचा परत मागायचा राहून गेला.

काल पर्वतीवर तो प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने कपाळाचा घाम टिपला. पंच्याला हिरवा काठ होता आणि एका कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग होता.