खुलासा : कोल्हापूर–मुंबई विमानाचं अंतर 166 किमी नाही

गेल्या आठवड्यात मी टाकलेला मेसेज अजून फिरतोय : "कोल्हापूर ते मुंबई विमानाने फक्त 166 किमी, 20 मिनिटांत पोच!" हे चुकीचं आहे, आणि चूक माझीच आहे.

166 हा आकडा खरा, पण तो सागरी मैलांत होता. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांतच मोजतात. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किमी. मी तो सरळ किमी समजून लिहिला. काल उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) आणि मुंबई या दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पुन्हा हिशेब केला : सरळ रेषेत सुमारे 307 किमी भरतात. रस्त्याने तेच 375 किमीच्या घरात जातं.

वेळेचंही तसंच. ताशी 500 किमीच्या आसपास उडणाऱ्या एटीआर या छोट्या, पंख्याच्या विमानालाही नुसतं तेवढं अंतर कापायला 37 मिनिटं लागतील. शिवाय वर चढताना, उतरताना वेग कमी असतो, मुंबईत धावपट्टीसाठी थांबावं लागतं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. तेव्हा तासाभराचा हिशेब धरा.

एका काकूंनी मला विचारलं, "वीस मिनिटांत पोचतंय, तर पुढच्या विमानाला चाळीस मिनिटं पुरतील ना?" नाही पुरणार, काकू. तेव्हापासून जीवाला घोर लागलाय.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा पाठवा.