बूस्टचं तुमचं म्हणणं मान्य, अपडेट काढायचं मात्र नाही

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. लॅपटॉपच्या अपडेटनंतर माइकमधून घुंऽऽ असा आवाज यायला लागला, म्हणून तुम्ही माझ्या लेखाप्रमाणे मायक्रोफोन बूस्ट, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारी सेटिंग, शून्यावर आणला. घुंऽऽ थांबली, पण तुमचा आवाजही गेला आणि ऑनलाइन तासाला दहावीची मुलं ‘सर, ऐकू येत नाही’ म्हणत बसली. दोन तास फुकट गेले. शिवाय मी अपडेटचा दोष झाकतो आणि ‘काढून टाका ते अपडेट’ असं सरळ सांगत नाही, असं तुमचं म्हणणं.

बूस्टबद्दल चूक माझी आहे. ‘शून्य करा’ असं मी सरसकट लिहायला नको होतं. लॅपटॉपच्या आतल्या माइकला किंवा साध्या पिनच्या हेडफोनला थोडा बूस्ट लागतोच. बूस्टच्या पायऱ्या बहुतेक वेळा १०, २० आणि ३० डेसिबलच्या असतात. १० ला आवाज सुमारे ३ पट होतो, २० ला १० पट आणि ३० ला जवळजवळ ३२ पट. तुमच्या बोलण्याबरोबर पंखा, वायरिंग, माइकची स्वतःची सूंऽऽ, सगळंच तितकं वाढतं. अपडेटमध्ये साउंड ड्रायव्हर (लॅपटॉपचा माइक-स्पीकर चालवणारा प्रोग्रॅम) बदलला की हा आकडा कधीकधी गुपचूप ३० वर जाऊन बसतो. त्यामुळे तो १० वर ठेवा आणि माइक तोंडाजवळ आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीतला गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. हातभर लांबचा माइक वीतभर अंतरावर आणलात तरी मुलांना फरक कळेल.

आता तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य. रागाच्या भरात तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं: ‘चार्जर काढला की जरा बरं असतं.’ सर, म्हणजे ही घुंऽऽ अपडेटने आणलेली नाही. ती विजेची आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि अर्थिंग नसलं की तीच घरघर माइकच्या वायरीत उतरते. आधीही ती होती, फक्त ऐकू येत नव्हती. बूस्ट वाढला आणि ती वर आली.

हे मी अनुभवावरून सांगतोय. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात मी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. एका अपडेटनंतर अख्खा धडा घरघरीत बुडाला. शेवटी पंखा बंद केला, तोंड मिटून १० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि पडद्यावर तिचा आलेख पाहिला. बोटाएवढा जाड पट्टा दिसत होता. चार्जर काढून पुन्हा १० सेकंद घेतली, तर पट्ट्याचा दोरा झाला. चार्जरचा तीन पिनांचा प्लग मी दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावत होतो, आणि भिंतीतल्या सॉकेटलाही अर्थिंगची वायर नव्हती. इलेक्ट्रिशियनने ती टाकून दिली. तेव्हापासून चार्जर लावूनच वाचतो.

तुम्हीही आज एवढंच करा: चार्जर लावून १० सेकंद शांतता, काढून १० सेकंद. फरक स्पष्ट असेल तर तास मात्र बॅटरीवर घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. प्लगची तिसरी पिन कुणी कापायला सांगितली तर ऐकू नका, शॉकपासून तीच वाचवते.

अपडेट काढा असं मी सांगत नाही, कारण त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात आणि त्याच लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहारही करत असाल. ड्रायव्हरचाच संशय असेल तर तेवढाच मागे न्या. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, साउंडच्या ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीज, मग ड्रायव्हर या टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण फिकट दिसलं तर जुना ड्रायव्हर मशीनवर उरलेला नाही. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा घ्या.

बूस्ट सापडायला विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, मग अगदी खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. तिथे रेकॉर्डिंगमध्ये तुमचा माइक, प्रॉपर्टीज आणि लेव्हल्स. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून एफ४ दाबावं.

नवा माइक इतक्यात घेऊ नका. यूएसबी माइकमध्ये आवाज माइकमध्येच डिजिटल होतो, लॅपटॉपच्या बूस्टचा संबंध येत नाही, हे खरं. पण आधी घरातला कुणाचा तरी मागून लावून पाहा. तुम्ही नाशिकरोडला राहता असं लिहिलंय. कुणाकडे नसेल तर माझा रविवारी आणून देतो, आठवडाभर ठेवा.

मूळ लेखातलं ‘शून्य करा’ हे वाक्य आज बदललंय आणि चार्जरची चाचणी सगळ्यात वर घेतलीये. तुमच्या दोन्ही रेकॉर्डिंग मला पाठवा.