एन्रिको मासियास यांच्याविषयीच्या संदेशाचा खुलासा

एन्रिको मासियास हे स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातील गायक असून १९६२ साली स्वतंत्र झालेल्या अल्जीरियाच्या सरकारने त्यांना हद्दपार केले, असा एक संदेश फिरत आहे. तो मूळ मीच लिहिला होता आणि त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

त्यांचे खरे नाव गास्तों ग्रेनासिया. जन्म अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन शहरात, ज्यू कुटुंबात, १९३८ सालचा. वडील व्हायोलिन वाजवीत, आणि मुलगाही पंधराव्या वर्षी शेख रेमों लेरिस यांच्या वाद्यवृंदात गिटार घेऊन बसू लागला. तिथे वाजत असे ते मालूफ, म्हणजे मध्ययुगीन मुस्लिम स्पेनमधून, अल-अंदालुसमधून, उत्तर आफ्रिकेत आलेले अरबी संगीत (माझा घोटाळा झाला तो या ‘अंदालुसी’ शब्दामुळेच). त्यातील ‘नौबा’, म्हणजे सलग गायल्या-वाजवल्या जाणाऱ्या रचनांची मालिका, संथ लयीत सुरू होऊन ‘खलास’ या शेवटच्या भागात द्रुत होते, विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला ही चाल परकी वाटत नाही. फ्रेंच गाण्यांत त्यांनी हीच वळणे जिप्सी ढंगाच्या गिटारशी जोडली.

हद्दपारीचे विधान तर तारखांपुढेच टिकत नाही. शेख रेमों यांची कॉन्स्टंटाइनच्या बाजारात २२ जून १९६१ रोजी गोळी घालून हत्या झाली, आणि त्याच उन्हाळ्यात मासियास पत्नी सुझी, म्हणजे शेख रेमों यांची कन्या, हिच्यासह बोटीने फ्रान्सला निघाले. अल्जीरिया स्वतंत्र झाला तो जुलै १९६२ मध्ये. मायदेशाचा निरोप घेणारे त्यांचे प्रसिद्ध गीत त्याच प्रवासातले.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा द्यावा.